वाऱ्याची वाट

आये, आज सालवडच्या एका घरात मी तुझंच, सुकवायचं काम करून आले. बोंबलांचं नाही, चादरींचं. तू गेलीस तेव्हा कपडे सुकवायचं मशीन मी फक्त चित्रात पाहिलं होतं, म्हणून ते कसलं असतं हे आधी सांगते. एक मोठा डबा, त्यात फिरणारं पिंप. हीटर हवा तापवतो, पंखा ती ओल्या कपड्यांमधून ओढतो आणि दमट झालेली हवा जाड पाइपातून घराबाहेर सोडतो. पालघर-बोईसरकडे अशी मशीनं आता बऱ्याच घरांत आहेत. पावसाळ्यात ती हमखास रुसतात आणि रुसली की लोक मला बोलावतात. हो, मलाच. दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे, तू ती बघायला हवी होतीस.

या घरात दोघंच राहतात. काका तारापूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, आणि काकी अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेल्या. अशा माणसाच्या चादरी दिवसातून किती वेळा बदलाव्या लागतात हे तुला सांगायला नको. मुलगा मुंबईकडे नोकरीला आहे, त्यानेच मशीन घेऊन दिलं. पाऊस लागला आणि ते मध्येच थंड पडू लागलं. एका मेकॅनिकने फ्यूज बदलला, दुसऱ्याने हीटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बदलला. थोडे दिवस चाललं, पुन्हा थंड. घरभर ओल्या चादरी, काकींच्या पाठीला पुरळ. शेवटी मुलाने फोनवर सांगून टाकलं की रविवारी गाडी घेऊन येतो, आईला आजारी माणसं सांभाळतात अशा ठिकाणी ठेवू. काका दारातच मला म्हणाले, "ताई, मशीन चाललं तर ती हितं ऱ्हाते. नायतर रविवारी घेऊन जातील तिला." काकी आतल्या खोलीतून ऐकत होत्या. दार उघडंच होतं.

मी मशीन लगेच उघडत नाही. आधी विचारते. "काका, गरम होतच नाही का?" तर म्हणाले, "लय गरम होतं. हात लावू देत नाय. आन् मग एकदम थंडगार. कपडे ओले ते ओलेच, वर करपल्याचा वास." करपलेलं आणि ओलं! आये, तिथेच मला तू आठवलीस.

शिरगावच्या किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या ताणल्या आहेत. तू दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतेस आणि जोडी दोरीवर टाकतेस. मला शाळेची घाई, म्हणून मी जोड्या खेटून लावते. ऊन मरणाचं आहे, सुकतील की. दुसऱ्या दिवशी तू माझी ओळ चाचपतेस. वरून कडक, आत ओल, आणि वास सुटलेला. तू अख्खी ओळ खाली ओढतेस आणि सगळ्या बायकांदेखत म्हणतेस, "ऊन भाजतं गो. सुकवतो तो वारा. वाऱ्याला वाटच नाय ठेवली तर उनाचा काय उपेग?" मला रडू आलं होतं, त्याहून जास्त राग आला होता. तू समजूत काढली नाहीस. ताजे बोंबील पुढ्यात ठेवून नवी ओळ लावायला लावलीस, दोन जोड्यांमध्ये बोटं घालून अंतर बघत. हंगाम संपला तेव्हा मात्र मनोरच्या बाजारातून माझ्यासाठी लाल दांड्याचा टेस्टर घेऊन आलीस, कारण शेजारचा बिघडलेला रेडिओ मी खटपट करून बोलता केला होता. मामा हसला, "पोरीला बांगड्या आणायच्या सोडून ह्यो काय?" तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "बांगड्या फुटतात." हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय, आणि दर वेळी छाती फुगते.

तर सालवड. प्लग काढून मागचा पत्रा उघडला. फ्यूज पुन्हा उडालेला. हा फ्यूज म्हणजे राखणदार. मशीन वाजवीपेक्षा तापलं की तो स्वतः जळतो, पण आग लागू देत नाही. त्यालाच बदलत बसायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी नवा फ्यूज घातला, पत्रा लावला, मशीन सुरू केलं आणि गॅलरीत गेले, कारण पाइपाचं तोंड तिथे बाहेर काढलं होतं. तोंडापाशी हात धरला तर चुलीवर फुंकर मारावी तेवढीही हवा येईना. मशीन ताबडतोब बंद केलं. पाइपाच्या तोंडावर जुनी लुंगी घडी करून सुतळीने घट्ट आवळली होती. ती सोडली तर आतून कपड्यांच्या मऊ भुशाचा गोधडीएवढा जाड थर निघाला.

"काका, हे कोणी बांधलं?"

"मीच," काका म्हणाले. "संध्याकाळचा कंपन्यांचा केमिकलचा वास येतो ना. आमी खिडक्या लावून घेतो. पायपातनं आत आला तर हिला खोकला लागतो, म्हनून बांधलं. काय चुकलं का?"

त्यांना काय बोलणार? बोईसरकडे हा वास आला की जो तो आधी फट शोधतो आणि चिंधी कोंबतो. मी पण कोंबते. राग आला तो त्या दोघा मेकॅनिकांचा. मशीनमध्ये डोकं घालून बसले, चार पावलं गॅलरीत जावं असं एकालाही वाटलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी पाइप आतून साफ केला, मशीनची जाळी धुतली आणि पाइपाच्या तोंडाला बाहेर उघडणारी झडप बसवली. मशीन चालू असताना आतल्या हवेने ती उघडते, बंद केलं की आपोआप मिटते, म्हणजे वासही आत येत नाही. काकांनी बोटाने ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. मग मशीन लावून मी पाइपाशी तापमान मोजत बसले. चढलं, हीटर आपला आपण बंद झाला, उतरलं, पुन्हा सुरू झाला. थर्मोस्टॅट ठणठणीत होता. काकांनी एक ओली चादर आत टाकली. चहा झाला, गप्पा झाल्या आणि चादर निघाली ती कोरडी, करपल्याचा मागमूस नाही. त्यांनी ती काकींच्या अंगावर घातली. काकींची जीभ जड झालीय, तरी "गरम हाय" हे नीट कळलं. मग काकांनी मुलाला फोन लावला. "रविवारी ये, पन जेवायला ये. तुझी आई हितंच ऱ्हाईल." फोन ठेवून मला विचारलं, "पोरी, कुठं शिकलीस गो हे?" मी म्हटलं, "शिरगावला. आईकडे." "आई पन मेकॅनिक?" "नाय, बोंबील सुकवायची." काकांनी मान डोलावली, मोठ्या कॉलेजाचं नाव ऐकावं तशी.

तुझा शेवटचा पावसाळा आठवतो. तुझ्या चादरी सुकायच्या नाहीत, म्हणून मी त्या इस्त्रीने सुकवायचे आणि तुझ्या अंगावर घालण्याआधी माझ्या गालाला लावून बघायचे. ती सवय अजून आहे. तुला वाचता येत नव्हतं, घरी आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं. आज चादर मशीनमधून काढून गालाला लावली, तेव्हा काकांना वाटलं मी ओल तपासतेय. ओल केव्हाच तपासून झाली होती, आये. मी तोंड लपवलं होतं. हे शेवटचं काही मला मोठ्याने वाचता यायचं नाही, म्हणून ते कागदावरच राहू दे.