राखीव नमुन्यातील मूठभर मालाबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त (मांस व मांसजन्य पदार्थ),
अन्न सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

विषय : प्रयोगशाळेकडे असलेल्या आमच्या सॉसेजच्या राखीव नमुन्यापैकी मूठभर माल परत मिळणेबाबत; आणि तो मिळेपर्यंत कोणीही त्याची चव न पाहणेबाबत.

संदर्भ :
१) प्रादेशिक दैनिकातील बातमी, मथळा 'नव्या मालात जुने मांस'.
२) आपल्या निरीक्षकांनी केलेला पंचनामा व शीतगृहास लावलेले सील.
३) प्रयोगशाळेचा अहवाल, विशेषतः त्यातील 'चव' हा रकाना.
४) प्रयोगशाळेतील लिपिकाशी काल दूरध्वनीवर झालेले बोलणे, ज्यामुळे हा अर्ज घाईने लिहावा लागत आहे.

महोदय,

वरील विषय वाचून आपल्या कपाळावर आठी पडली असल्यास ती कृपया परिच्छेद ७ पर्यंत तशीच ठेवावी. त्यापुढे ती राहणार नाही, अशी सदर अर्जदाराची नम्र समजूत आहे.

१. अर्जदार हा लहान मांसप्रक्रिया उद्योजक आहे. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत आमचे तीन खोल्यांचे काम चालते. पहिल्या खोलीत मांस कापून खिमा होतो, दुसरीत तो आतड्यांत भरून टांगला जातो आणि तिसरी खोली म्हणजे शीतगृह. कापणे माझ्याकडे, गिऱ्हाईक व हिशेब पत्नीकडे, आणि मीठमसाला घालून खिमा मळणे माझ्या आत्याकडे. गिऱ्हाईक दाराशी येऊन माझे नाव घेत नाही, आत्याच्या हातचे आहे का असे विचारते. ही तक्रार नसून वस्तुस्थिती आहे.

२. एका वेळी मळलेल्या मालाला आम्ही घाणा म्हणतो. प्रत्येक नव्या घाण्यात आत्या मागच्या घाण्यातला मूठभर आंबलेला खिमा मिसळते. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार असून आमच्याकडे त्यास विरजणच म्हणतात. त्याने नवा माल आंबतो, आणि एकदा नीट आंबून थंडीत राहिला की नासवणाऱ्या जंतूंची त्यात डाळ शिजत नाही. हे विरजण आत्या सासर सोडून माहेरी परत आली तेव्हा बरोबर घेऊन आली. हातातल्या पिशवीत चार कपडे आणि एक झाकणाचा डबा, एवढेच तिचे सामान होते. बाकी सगळ्यावर तिने पाणी सोडले. त्याबद्दल ती कधी बोलत नाही व आम्ही विचारत नाही. तेव्हापासून प्रत्येक घाण्याने पुढच्याला मूठभर दिले आहे आणि त्यात कधी खंड पडलेला नाही.

३. लहान मांसप्रक्रिया उद्योजकांसाठी आपल्या कार्यालयाने नवे नियम काढले, त्यावर लेखमाला लिहिण्यासाठी एक बातमीदार आमच्याकडे आला. त्या वेळी मी कामावर नव्हतो. मी आपल्याच कार्यालयाच्या सभागृहात, 'स्वच्छ हात' या विषयावरील सक्तीच्या प्रशिक्षणात सर्वांसमोर हात धुऊन दाखवत होतो. पत्नी गिऱ्हाइकांत गुंतली होती. त्यामुळे बातमीदारास आत्या सापडली, किंवा आत्यास बातमीदार सापडला. तिच्या कामाबद्दल इतक्या आपुलकीने तिला आजवर कोणी विचारले नव्हते. ती त्याला म्हणाली, "आमच्या प्रत्येक घाण्यात मागच्या घाण्यातलं मूठभर असतंच, म्हणून तर आमचा माल नासत नाही, बाळा." बातमीदाराने वाक्य पूर्ण लिहून घेतले होते, असे तो आजही शपथेवर सांगतो. छापताना जागा कमी पडली आणि उत्तरार्ध गळाला. जुने मांस हा शब्दप्रयोग मथळे देणाऱ्याचा असून तो गृहस्थ शाकाहारी असल्याचे समजते.

४. बातमी आली त्याच दिवशी आपले निरीक्षक साहेब आले. त्यांच्या वागण्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. दारात बूट काढून त्यांनी पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, ते पाहून आत्या इतकी खूश झाली की तिने त्यांनाही विरजणाची साद्यंत माहिती देण्यास सुरुवात केली. पत्नीने तिला गप्प राहण्यासाठी डोळ्यांनी खुणा केल्या. आत्याला वाटले, सुनेच्या डोळ्यात मसाला गेला. ती पाणी आणायला गेली आणि परत येऊन उरलेली माहिती दिली. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांना स्वतःला यात काही वावगे दिसत नाही, परंतु छापून आले म्हणजे कारवाई करावीच लागते. मग त्यांनी शेवटच्या घाण्यातील सॉसेजची एक लांबलचक माळ नमुना म्हणून घेतली आणि बाकी सर्व माल, विरजणासह, शीतगृहात ठेवून दारास सील लावले. सील केलेल्या खोलीतील यंत्रे चालू ठेवता येत नाहीत, म्हणून शीतगृहाचा फ्यूजही काढला. शीतगृहात थंडी सोडल्यास यंत्राचे दुसरे काही काम नसते, हे मी निदर्शनास आणून दिले. पंचनाम्यात त्याची नोंद 'अर्जदाराचे म्हणणे ऐकले' अशी आहे व ती अगदी खरी आहे.

५. यानंतर अर्जदाराच्या नाकी नऊ आले, ते असे. सील निघण्यासाठी आपल्या कार्यालयाची अट आहे की त्याच पद्धतीने तयार केलेल्या नव्या घाण्याचा नमुना सादर करावा. त्याच पद्धतीला तेच विरजण लागते. विरजण सीलच्या आत आहे. हे खिडकीवर सांगितले असता बाजारात विरजणाची तयार पाकिटे मिळतात, ती वापरावीत, असा सल्ला मिळाला. मी ती आणली. दुसऱ्या खिडकीवर कळले की पाकीट वापरल्यास पद्धत बदलते, पद्धत बदलल्यास परवाना नवा लागतो आणि ज्याचे शीतगृह सील आहे त्यास नवा परवाना देता येत नाही. मग मी दैनिकाकडे खुलासा छापण्यासाठी गेलो. संपादक म्हणाले की कार्यालयाने लेखी कळवल्यास लगेच छापू. कार्यालय म्हणाले की आधी छापून आल्यास लेखी कळवता येईल. दोघांनाही मनापासून मदत करावयाची आहे आणि दोघेही एकमेकांसाठी दार धरून उभे आहेत.

६. आता आत्याविषयी. सील लागल्यावर संध्याकाळी मी तिला बातमी वाचून दाखवली, तेव्हापासून तिने बोलणे टाकले. ती रोज पहाटे उठते, हात कोपरापर्यंत धुते, एप्रन बांधते आणि सील केलेल्या दाराशी स्टूल घेऊन बसते. आपल्याच जिभेने घर बुडवले, असे तिने मनाशी धरले आहे. तसे नाही हे मी तिला हरतऱ्हेने सांगितले, पण तिला सांगणारा मी कोण, माझे तर नाकही तिने पुसलेले आहे. एके सकाळी तिने दाराच्या रबरी पट्टीला नाक लावले, बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मग स्टूल उचलून आत गेली. मी जाऊन वास घेतला. आतले सगळे नासले होते. मी इतकी वर्षे मांस कापतो, पण त्या दिवशी मला रडू आले, हे या अर्जात लिहिणे नियमात बसत नसल्यास खोडून टाकावे.

७. अशा स्थितीत प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना सुरक्षित आहे. घातक जंतू नाहीत, आंबटपणा योग्य, रंग व वास समाधानकारक. पुढे 'चव' असा रकाना आहे. इतर उद्योजकांच्या अहवालांबाबत मी चौकशी केली असता तेथे सर्वत्र 'लागू नाही' असे असते. आमच्या अहवालात 'उत्तम, मीठ किंचित कमी' असे आहे, आणि त्याखाली दुसऱ्या शाईत व दुसऱ्या अक्षरात 'सहमत' असे आहे. हे वाचताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेब, आमचे विरजण जगात आता एकाच ठिकाणी जिवंत आहे आणि ते ठिकाण म्हणजे आपल्या प्रयोगशाळेचा फ्रिज. मी काल तातडीने दूरध्वनी केला. लिपिकाने फ्रिज उघडून पाहिला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की काळजी नसावी, अजून थोडे शिल्लक आहे, मोठे साहेब उद्या जेवणाच्या सुट्टीत आणखी एकदा तपासणार आहेत. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

८. प्रयोगशाळेच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. एवढ्या चिकाटीने तपासलेला नमुना या कार्यालयाच्या इतिहासात दुसरा नसेल. परंतु ही तपासणी याच वेगाने चालू राहिल्यास पुरावा, विरजण आणि आमचा धंदा एकाच जेवणाच्या सुट्टीत संपेल. सबब विनंती की,

(अ) सदर नमुन्याची चव पाहण्यास तातडीने, शक्य झाल्यास आज जेवणाच्या सुट्टीपूर्वी, मनाई करावी;

(ब) उरलेल्यातील मूठभर माल अर्जदारास द्यावा. नमुना परत देण्याची तरतूद नियमांत नाही, असे लिपिक म्हणाले. नमुना खाण्याचीही तरतूद मला सापडली नाही, पण मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. तो खाल्ला गेला म्हणूनच परिच्छेद ९ घडला;

(क) त्या मुठीतून नवा घाणा करून आपल्या अटीप्रमाणे नमुना सादर करण्याची मुभा द्यावी. तोवर मालास शीतगृह म्हणून बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी त्यांचा एक कोपरा देऊ केला आहे.

९. मी काल रात्री जेवताना अहवाल घरात मोठ्याने वाचला. 'मीठ किंचित कमी' येथे आलो आणि आत्याने मान वर केली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "मीठ कमी नाही. त्यांनी मुरू दिलं नाही." मग उठून तिने फळीवरचा झाकणाचा डबा काढला, जो तिने सासरहून आणला होता तोच, उकळत्या पाण्याने धुतला आणि पुसून माझ्यासमोर ठेवला. मी म्हणालो की उद्या मी जाऊन अर्ज देतो. त्यावर तिने मला सांगितले की अर्ज तू दे, पण बातमीदाराला सांगितलेले वाक्य साहेबांना मीच सांगणार, आणि पूर्ण सांगणार. माझ्याकडून ते अर्धेच पोहोचेल, अशी तिला धास्ती आहे. गेले कित्येक दिवस ती एवढे एकच वाक्य घेऊन बसली आहे. ते आपण ऐकून घेतल्यास मूठभर माल मिळाला नाही तरी अर्जदाराचे निम्मे काम झाले, असे मी समजेन.

आपला नम्र व सध्या रिकाम्या हातांचा,

(सही)
अर्जदार, बर्फाच्या कारखान्यामागे.

दिनांक : आजचाच. कार्यालय उघडण्यापूर्वी, जिन्यात बसून लिहिले.

सोबत :
१) बातमीचे कात्रण (अर्धे वाक्य).
२) पंचनाम्याची प्रत.
३) प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत, 'चव' व 'सहमत' या शब्दांखाली रेघ मारली आहे.
४) रिकामा डबा, झाकणासह, एक. मूठभर म्हणजे आत्याच्या मुठीने. आपल्या लिपिकाची मूठ लहान असल्यास दोनदा घालावे.
५) आत्या. बाहेरच्या बाकावर बसली आहे. मूळ प्रत असून दुसरी नाही. काम झाल्यावर जपून परत करावी.