चाळीस वर्षांचं पित्त

लीड्स, इंग्लंड
दि. १२ मे २०२४

प्रिय मैत्रीण प्रेमलता हिस,
चंद्रकलेचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडे मी खुशाल, माझी नात सोनाली खुशाल, आणि तिचं लेकरू तर इतकं खुशाल आहे की आम्हाले घटकाभर बसू देत नाई. तुले ऐकू येत नाई आणि कानात मशीन घालायची तुले लाज, म्हणून हा वही-पेनाचा कुटाणा. सोनाली या पत्राचा फोटो काढून तुझ्या सुनेच्या मोबाईलवर पाठवून राहिली. डिंपल, पोरी, सासूले अक्षर मोठं करून दे आणि तू वाचू नको. वाचशीलच, पण नाई वाचल्यासारखं कर. मोहगावच्या शाळेत तू सातवीपर्यंत गेली, मी तिसरीतच पाटी ठेवली. तेव्हा काना-मात्रा राहिला असन तर तुझ्या हातानं लावून घे.

बाळंतपणाले चाळीस दिवस झाले तर सोनाली म्हणे, आजी, आज तुले चहा प्यायले नेते. मी म्हटलं, मग घरी काय शाई पाजून राहिली होती काय? पण गेली. इथं चहासाठी वेगळं घर असते, प्रेमे. हॉटेल नाई, घरच. दार लोटलं की वर पितळेची घंटी वाजते. भिंतीले फुलाफुलांचा कागद, टेबलावर हातानं विणलेली जाळीची चादर. खिडकीजवळ एक म्हातारा पेपर घेऊन बसला होता. आम्ही गेलो तेव्हा त्याच्यापुढे एक कप होता, दोन तासांनी निघालो तेव्हाही तोच एक कप होता. पण कोणी त्याच्या कोपरापाशी ओला फडका आणून आपटला नाई. आपल्या बसस्टँडवर माणूस शेवटचा घोट घेते ना घेते तर पोऱ्या बाकडं पुसायले येते. इथं कोणाले घाईच नाई. मी दाराकडे पाहत होती की आता कोणी उठा म्हणन, मग उठा म्हणन. कोणी म्हटलंच नाई.

दुकानाची मालकीण माझ्याच वयाची असन, डोक्याचा कापूस झालेला. तिनं किटली आणली तर किटलीले स्वेटर. खरं सांगते, लोकरीचा, निळा, वर गोंडा लावलेला. मले हसू आवरेना. मग तिनं काचेचं एक घड्याळ ठेवलं, त्यात वाळू. वाळू पूर्ण खाली पडेपर्यंत किटलीले हात लावायचा नाई. इथं चहा उकळत नाई बाई, लोणच्यावानी मुरते. आम्ही दोघी त्या वाळूकडे पाहत बसलो, लेकरूही पाहत होतं. अडुसष्ट वर्षांत मी चहाची इतकी वाट कधी पाह्यली नाई, आणि वाट पाहायचं इतकं चांगलंही कधी वाटलं नाई.

आणि कप! प्रेमे, अंड्याच्या टरफलाएवढा पातळ. उजेडात धरला तर पलीकडून माझ्याच बोटाची सावली दिसली. त्याले इवलासा कान, त्यात माझं बोट जाईना. संत्री तोडून तोडून ही बोटं कुठली जाणार. काठाले सोन्याची रेघ. मी तर श्वासही जपून घेत होती. मग तीन मजल्यांची ताटली आली. खालच्या मजल्यावर काकडी घातलेले पावाचे तुकडे, कडा कापून टाकलेले, दात नसल्यासारखे. मधे एक फुगीर पाव, त्यावर आपल्या लोण्यावानी साय आणि मुरंबा. वरच्या मजल्यावर गोड. खाल्लं की नाई ते समजत नाई इतकं लहान, पण दिसायले असं की मोडायचा धीर होईना.

मी तीन कप चहा प्याली. आयुष्यात एका बैठकीत तीन कप पहिल्यांदाच. मधात सोनालीचे डोळे भरून आले. कच्ची बाळंतीण आहे, तिच्या डोळ्याचं पाणी लवकर थांबत नाई.

केशवरावांचा गुडघा कसा आहे? कुरडया झाल्या का? लोभ आहे तो वाढव, कमी पडला तर कळव.

तुझी,
चंद्रकला


॥ श्री जामसांवली हनुमान प्रसन्न ॥

रामाकोना
दि. १५ मे २०२४

श्रीमती चंद्रकलाबाईस,
प्रेमलताचा स. न. वि. वि.

पत्र पोचले. डिंपलने मोबाईलवर अक्षर मोठे करून दिले. दोनदा वाचले.

इकडे ऊन फार आहे. विहिरीने तळ दाखवला, बगिच्याला एक दिवसाआड पाणी देऊन राहिलो. यांचा गुडघा जसाच्या तसा आहे. कुरडया झाल्या, तुझ्यासाठी डबा भरून ठेवला होता.

तुला चांगले चहाघर पाहायला मिळाले, आनंद वाटला. पण एक गोष्ट मनात राहिली ती लिहिते. चाळीस वर्षांपासून तू माझ्या घरी आली की मी चहा टाकते म्हणते आणि तू म्हणते, नको, मला चहाने पित्त होते. मी कधी जबरदस्ती केली नाही. उलट तुझ्यासाठी जामसांवलीला नारळ कबूल केला होता, तुझे पित्त जावे म्हणून. आणि परक्या मुलखात, नाव-गाव माहीत नसलेल्या बाईच्या हातचा तू तीन कप चहा प्याली. तिथे पित्त झाले नाही.

मग आमच्या घरच्या चहात काय होते, ते एकदा सांगावे. इतक्या वर्षांनी मला खोट्या कारणाची गरज नाही.

बाळाला आशीर्वाद. कळावे, लोभ आहे असे धरून चालते.

प्रेमलता


लीड्स
दि. १९ मे २०२४

प्रिय प्रेमलता हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू मले चंद्रकलाबाई लिहिलं तेव्हाच समजली की पारा चढला. चढू दे. माझीच चूक. चाळीस वर्षं सांभाळलेलं पित्त मी एका चहापायी उघडं केलं. म्हातारपणी जिभेले हाड राहत नाई म्हणतात, माझ्या तर पेनालेही राहिलं नाई.

तुले विचारायचंच आहे तर ऐक. डिंपल, तू पण वाच, आता तुले मनाई नाई.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. त्या चहाघरात माझा दुसरा कप संपला आणि मी उठली. कप-बशी उचलली, बशीखालची जागा पदरानं पुसली आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दाराकडे निघाली. मी नळ शोधत होती. कप धुवायचा आणि पालथा घालायचा. मले कोणी सांगितलं नव्हतं. डोकं नाई गेलं प्रेमे, पाय गेले.

त्या मालकिणीनं पाह्यलं. तिले वाटलं कपात काही घाण निघाली, तिचं तोंड उतरलं. सोनाली लेकरू घेऊन धावत आली, इंग्रजीत तिले काय म्हणाली ते मले माहीत नाई. बाईनं माझ्या हातातून कप काढून घेतला, माझं मनगट धरलं, खुर्चीपर्यंत आणली आणि बसवली. मग बोलली ते सोनालीनं मले मराठीत सांगितलं. "तुम्ही बसा. कप आमचे आहेत, धुवायचे आम्हालेच." तिच्यासाठी ते रोजचंच बोलणं असन. तिनं दुसरी किटली आणली, वाळूचं घड्याळ उलटं केलं. तिसरा कप तो. सोनाली रडली ती तेव्हा. पोट्टी नर्स आहे, माणसाच्या हातावरून दुखणं ओळखते. तोवर मी तिले कधी काही सांगितलं नव्हतं, तिच्या बापालेही नाई.

आता कोणतं दुखणं ते तुले सांगायची गरज नसावी, पण तू विचारलं. तुमच्या गोठ्याच्या भिंतीत कोनाडा आहे. त्यात एक कप राहायचा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला. दहा वर्षं मी तुमच्या बगिच्यात संत्री तोडली. दुपारी चहा आला की बाकीच्या बाया ओसरीवर बसायच्या आणि मी कोनाड्यातून कप घ्यायची. तू वरून ओतायची. पिऊन झालं की हौदावर धुवायचा, पालथा घालायचा. तेव्हा मले राग यायचा नाई, मजुरीच्या जागी कोण राग करते.

मग आमच्या ह्यांना नोकरी लागली, आम्ही पांढुर्ण्याले घर केलं. मी नवीन लुगडं नेसून, माझ्या आठ वर्षांच्या अतुलले बोटाले धरून तुले भेटायले आली. मजूर म्हणून नाई, शाळेतली मैत्रीण म्हणून. तू चहा आणला, आणि मले म्हणाली, कोनाड्यातून कप घे.

त्या दिवसापासून मले पित्त आहे.

तुझी सासू गेल्यावर तू मले आत सोफ्यावर बसवायले लागली, चांगले कप काढले, मी पाह्यलं. पण तोवर पित्ताले वीस वर्षं झाली होती, असं जुनं दुखणं एका कपानं जात नाई. दर वेळी तू संत्री द्यायची, ती मी खायची. संत्र्याले साल असते, कप लागत नाई. आपली दोस्ती सालीवर टिकली.

एवढंच. आता तुले जे वाटन ते वाट. लोभ ठेवायचा की नाई ते तू ठरव, मी मागून घेत नाई.

चंद्रकला


रामाकोना
दि. ६ जून २०२४

प्रिय चंद्रे,
सप्रेम जयभीम, वि. वि.

अठरा दिवस झाले. तू म्हणत असशील, म्हातारी मेली की रुसली. मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात सगळा दोष सासूबाईंवर टाकला. दुसऱ्यात जमान्यावर. तिसऱ्यात लिहिले की तुझा स्वभावच तिखट, लहान गोष्ट धरून बसते. चौथ्यात लिहिले की मला हे आठवतच नाही. ते सगळ्यात खोटे होते.

मला आठवते. तुझे लुगडे हिरवे होते. मी कप घे म्हणाली तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या, मोहगावला लग्नाला गेल्या होत्या. मला कोणी पाहत नव्हते. मी आतून कप आणू शकत होती, मला कोणी रागावले नसते. नियम त्यांचा होता, पण त्या दिवशी हात माझा होता.

डिंपलने तुझे पत्र माझ्याआधी वाचले. दोन दिवस माझ्याशी कामापुरती बोलली. मग विचारले, आई, कोनाडा कुठे आहे. मी दाखवला. कप आहे अजून. हे त्यात पोळ्याला बैलाच्या शिंगाचा रंग कालवतात, सगळा लाल झाला आहे. ती फोडायला निघाली, मी फोडू दिला नाही. फोडला की मला मोकळे वाटेल, आणि मला इतक्यात मोकळे वाटायला नको.

आणखी एक आहे, ते तू लिहिले नाही. तू लिहिले नाही म्हणून मला जास्त लागले. मी तुझ्या घरी पांढुर्ण्याला किती वेळा आली? अतुलच्या लग्नाला आली, सोनालीच्या बारशाला आली. दर वेळी तुझ्या लेकीने, उर्मिलाने चहा आणला आणि मी म्हणाली, राहू दे ग, आत्ताच घेऊन आली. तुझे यजमान गेले त्या दिवशी मी सकाळच्या बसने उपाशी निघाली होती. दिवसभर तुझ्या अंगणात बसली. तू स्वतः पाणी पुढे केले, मी म्हणाली, आत्ताच घेतले. नऊ वर्षे झाली. तुला ते खोटे आहे हे माहीत होते ना? तुझ्या डोळ्यांत दिसले होते.

तुझे पित्त आणि माझे 'आत्ताच घेऊन आली'. पण तुझ्या खोट्याला कारण होते. माझ्या खोट्याला काय होते, ते मला लिहिता येत नाही.

चंद्रे, तू परत आली की मी तुला माझ्याकडे चहाला बोलावणार नाही. तो हक्क मी घालवला. तू मला बोलावशील का? मी उपाशी येईन, सांगून ठेवते. चहा झाला की कप मी धुईन, पालथा घालीन. नाही म्हणू नको.

लोभ मागण्याचे तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
प्रेमा


लीड्स
दि. १० जून २०२४

प्रिय प्रेमे,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. सोनालीनं वाचून दाखवते म्हटलं, मी म्हटलं, मी तिसरी पास आहे. वाचायले दुपार गेली, जाऊ दे. इथं घाई कोणाले आहे.

पाण्याचं मले माहीत होतं. तुझे ओठ सुकले होते, तू जीभ फिरवत होती. त्या दिवशी माझा माणूस गेला होता आणि मी तुझ्या ओठांकडे पाहत होती. लिहिलं नाई कारण काही गोष्टी ज्याच्या त्यानं लिहाव्या. तू लिहिली. उशीर केला, पण लिहिली. तुले माफ केलं वगैरे मी म्हणणार नाई, ते मले जमत नाई आणि शोभतही नाई. राग अजून आहे. पण आता तो तुझ्यासमोर बसून करीन.

कप फोडू नका. त्याले शिंगाचाच रंग बरा. आणि डिंपलले म्हणा, सासूसंग बोल. एवढ्या वयात मैत्रीण आणि सून दोघींचा अबोला झेपायचा नाई तिले.

काल मी पुन्हा त्या चहाघरात गेली. खिडकीतला म्हातारा तिथंच होता, मले पाहून त्यानं मान हलवली, जशी मी इथली जुनी गिऱ्हाईक. वाळू पडू दिली. दोन कप प्याली, फुगीर पाव खाल्ला, साय ओठाले लागली तर पुसली नाई. मग उठली, आणि कप तसाच उष्टा टेबलावर सोडून दारापर्यंत चालत आली. प्रेमे, हात इतके शिवशिवत होते की पदरात गुंडाळले. मागं वळून पाह्यलं नाई. बाहेर आली तर ऊन पडलं होतं. सोनालीले म्हटलं, थांब जरा, आणि नुसती उभी राहिली. इतकं मोठं काम मी जन्मात केलं नसन.

दोन जुलैले नागपूरले उतरते. त्यापुढच्या रविवारी पांढुर्ण्याले ये. कानात मशीन घालून ये, मी बोंबलणार नाई. उपाशी ये. माझ्याकडे कानवाले सहा कप आहेत, सोन्याची रेघ नाई, पण धड आहेत. वाळूचं घड्याळ घेतलं आहे. ते ठेवीन आणि दोघी वाट पाहू.

आणि कप धुवायचं म्हणशील तर ते होणार नाई. पिऊन झालं की उष्टा ठेवायचा आणि बसायचं. उठली तर मनगट धरून बसवीन, मले बसवलं तशी. कप माझे आहेत.

लोभ असू दे. नसला तर सरळ नसला म्हण, पित्ताचं नाव सांगू नको.

तुझी,
चंद्री