चाळणीवाला बोर्ड

शुक्रवार, संध्याकाळ

आज हिंगोलीत फजिती झाली. लाकूड कोरायच्या माझ्या सीएनसी मशीनला जुनाच मदरबोर्ड लागतो, मागं प्रिंटरचं रुंद पोर्ट असलेला. नव्या बोर्डांना ते येतच नाही. दुकानात गेलो आणि तोंडातून निघालं, "चाळणीवाला बोर्ड आहे का?"

दुकानदार हसला. "काका, चाळणी भांड्याच्या दुकानात भेटंल."

चाळणी! त्या पोर्टाची बारीक भोकं बघून सुमननं, माझ्या बायकोनं, ठेवलेलं नाव. ती गेल्यापासून घरात हा शब्द समजणारं कुणी नाही. तरी मी काहून बोलून राहिलो?

खुणा करून सांगितल्यावर त्यानं अडगळीतून एक बोर्ड काढला. कपॅसिटर फुगले की बोर्ड बाद; याचे फुगलेले नव्हते. तिथंच चालू करून पाहिला, बराबर होता.

घरी जोडला. मोटर फिरली. "चाळणी चालली गं!" स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडलो. सवय, दुसरं काय.

एवढ्यात दुकानदाराचा फोन. "काका, अजून एक चाळणीवाला सापडला. ठेवू का तुमच्यासाठी?"

दुसरा बोर्ड मला कशाला लागतो? आणि ऐकूही स्वच्छ आलं होतं. तरी विचारलं, "कोणता बोर्ड म्हणालास?"