खराब नाही, असेच आहे

मी, प्यॉन मालसुन, वय चौऱ्याहत्तर, धंदा संगीतघर चालवणे, राहणार छांगदोंग, मासान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि वाढदिवसाचे समुद्री शेवाळाचे सूप दोन वाट्या पिऊन करत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क असलेला एकच माणूस होता, माझा नवरा सांग-ग्यू, आणि त्याचा धक्का दाराला लागला तरी तो दाराची माफी मागत असे. डॉक्टरांनी माझ्या हृदयात बारीक स्प्रिंग बसवली आहे. ती नीट चालते. तरीही कागद केलेला बरा.

मी बोलत आहे आणि नोटरी यो साहेब लिहून घेत आहेत. स्थळ माझेच कॉफी पीत रेकॉर्डी ऐकण्याचे दुकान, 'दीपगृह'. दोन साक्षीदार हजर आहेत. श्री. प्यो की-सॉक, ज्यांचे चौकात चष्म्याचे दुकान होते, आणि श्री. मेंग दू-हो, शहर बसचे निवृत्त चालक. यांनाच का बोलावले, तर 'दुपारचा भोंगा' ही रेकॉर्ड १९८३ साली आल्यापासून या दोघांचे कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेले नाही. दोघांची सही एका कागदावर दिसली, तर त्या कागदावर कोर्टही शंका घेणार नाही.

कलम १. मालसुन हे नाव चौथी मुलगी झाली की 'आता पुरे' म्हणून ठेवतात. माझ्यानंतर भाऊ झाला, म्हणजे नाव लागू पडले. घर, शेत, आईची माया सगळे त्याला मिळाले, तरी त्याचा चेहरा नेहमी काहीतरी हरवल्यासारखा असतो. त्याला माझ्या हातच्या मुळ्याच्या किमचीची एक बरणी द्यावी. बरणी परत मागून घ्यावी.

कलम २. हे दुकान आणि वरची राहती खोली मी माझ्या बहिणीची मुलगी सॉल हे-रिम हिला देते. कॉलेजात असताना ती इथे कप विसळत असे. मागच्या वर्षी तिने विचारले, "मावशी, इथे केक ठेवला तर चालेल?" मी म्हटले, "ठेव. फक्त रेकॉर्ड चालू असताना चमचा वाजता कामा नये." तिने बाजारातून लाकडी चमचे आणले. त्या दिवशी हे कलम मनात पक्के झाले.

कलम ३. दुकान कुठून आले हेही लिहावे. तरुणपणी मी निर्यात वसाहतीतल्या कारखान्यात रेडिओच्या आत तारा जोडत होते. रेडिओ लागतो की नाही हे पाहण्याची खोली वेगळी होती, तिथे आम्हाला प्रवेश नव्हता. हजारो रेडिओ हातावेगळे केले, पण एकही वाजताना ऐकला नाही. म्हणून १९७९ साली साठवलेल्या पैशांतून हे दुकान घेतले. कोपऱ्यात काचेची खोली केली आणि तिच्यात रेकॉर्डी लावायला सांग-ग्यूला ठेवले. लोक फटीतून फर्माइशीच्या चिठ्ठ्या टाकत. मीही एक टाकली: 'तुम्हाला स्वतःला काय आवडते?' तो तासभर लाल होऊन बसला आणि मग लग्नाचे विचारले. गाण्याचे उत्तर त्याने कधीच दिले नाही. त्याचे हेडफोन माझ्याबरोबर ठेवावेत.

कलम ४. 'दुपारचा भोंगा' ही रेकॉर्ड, दुकानाची प्रत, दुकानासोबतच हे-रिमकडे जाईल. ती कोणालाही विकू नये, उसनी देऊ नये आणि पुसताना अंगठा लावू नये.

जे नंतर जन्मले त्यांच्यासाठी सांगते. यॉन्तान हा मासानच्याच पोरांचा बँड. त्यांची पहिली रेकॉर्ड सगळी प्रेमगीतांची होती. पाळी सुटली की कारखान्याच्या मुली ती गात वसतिगृहावर जायच्या. दुसरीसाठी, म्हणजे 'भोंगा'साठी, लोक रेकॉर्डवाल्याच्या दुकानापुढे रांग लावून उभे राहिले. घरी जाऊन लावली तर कारखान्याचा भोंगा, शिलाई मशीन आणि तारा सैल केलेली गिटार. गोड गळ्याचा तो गायक शहरातल्या बसथांब्यांची नावे वाचतो आहे. दुसऱ्या बाजूला कोणी किमचीच्या रांजणाचे झाकण बडवतो, मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि शेवटी एक माणूस हसतो.

अर्ध्या गावाला वाटले की माल खराब आला. लोक रेकॉर्डी परत करू लागले. सांग-ग्यूने स्वतः तीनदा बदलून आणली. शेवटी समोरच्या रेकॉर्डवाल्याने काचेवर पाटी लावली: 'खराब नाही. असेच आहे. परत घेतले जाणार नाही.' तो दुकान बंद करून मुलाकडे गेला तेव्हा ती पाटी मी मागून घेतली. माझी रक्षा रक्षागृहात सांग-ग्यूशेजारच्या कप्प्यात ठेवल्यावर त्या कप्प्याच्या काचेच्या दारावर हीच पाटी लावावी.

कलम ५. टोप्यांची खुंटाळी. आमच्या दुकानाचा नियम असा की रेकॉर्ड चालू असताना बोलायचे नाही आणि बाजू संपेपर्यंत उठायचे नाही. ज्या दिवशी सांग-ग्यूने 'भोंगा' पहिल्यांदा पूर्ण लावली, त्या दिवशी दू-होला बोलता येईना आणि जाताही येईना. त्याने मांडीवरची ड्रायव्हरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि भुवयांपर्यंत ओढली. पुढच्या शनिवारी आणखी चौघे टोप्या घालून बसले. महिन्याभरात अर्धे दुकान टोप्यांचे आणि अर्धे उघड्या डोक्याचे झाले. एक नवरा-बायको तर वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले. मला खुंटाळी करून घ्यावी लागली. ती दुकानातच राहील.

या ठिकाणी दुसऱ्या साक्षीदारांनी हरकत घेतली.

"भुवयांपर्यंत नाही ताई, नाकापर्यंत. आणि कारणही लिहा. हा आवाज मी दिवसभर बसमध्ये फुकट ऐकत होतो. इथे कॉफीचे पैसे देऊन कशाला ऐकू? वर थांबे चुकीचे. मासळीबाजारानंतर मुलींची शाळा येतेच कशी? मधला पूल काय कोणी उचलून नेला?"

"अरे, ते गाणं आहे, बस नाही," पहिले साक्षीदार म्हणाले.

"मग गाण्याला तरी कुठेतरी पोचू द्या की."

"पोचायचं नाही, तीच तर गंमत आहे. तुला ती या जन्मात कळायची नाही."

"चष्मेवाले, तुम्ही काचा विका. कानाचं काम दुसऱ्यांना करू द्या."

नोटरी साहेबांनी विचारले की हे लिहायचे का. मी म्हटले, सगळे लिहा.

कलम ६. वरचा 'चष्मेवाले' हा शब्द नीट पाहावा. की-सॉक दू-होहून एका वर्षाने मोठा. रेकॉर्ड येण्याआधी दू-हो त्याला दादा म्हणत असे. दोघे एकाच वाडग्यातून नूडल्स खात, की-सॉकने दू-होला पहिला चष्मा फुकट करून दिला होता. टोपी घातली त्या दिवसापासून 'दादा' बंद झाले. दू-होच्या आईच्या अंत्यविधीला की-सॉक तिन्ही दिवस बसला, सगळ्यांना रस्सा वाढला, तरी दू-होचा निरोप 'चष्मेवाले, या आता' असाच. दोघांनीही इथे येणे मात्र एकदाही चुकवले नाही.

कलम ७. सोलहून एक समीक्षक आले होते. त्यांनी नंतर मासिकात लिहिले की 'भोंगा' कळायला लागणारे कान लहान गावात नसतात. त्यांनी माझी कॉफी अर्धी टाकली होती. कधी परत आले, तर त्यांना कॉफी द्यावी. अर्धा कप.

कलम ८. आता मुख्य गोष्ट. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीनला 'भोंगा' दोन्ही बाजूंनी पूर्ण लावावी, ही हे-रिमवर अट आहे. ऐकायला कोणी येवो न येवो. टोपीवाल्यांपैकी आता दू-हो एकटा उरला आहे आणि उघड्या डोक्यांपैकी की-सॉक. एकाचे दुकान बंद झाले, दुसऱ्याची बस सुटली. दोघांनाही घरी विरोध करणारे कोणी नाही. मी गेल्यावर हे दोघे एकमेकांना फोन करणार नाहीत, हे मला पक्के माहीत आहे. आधी कोणी करायचा यावरच वर्ष जाईल. मला मरणाची भीती वाटत नाही, याची वाटते.

म्हणून स्पीकरसमोरच्या दोन खुर्च्या मी या दोघांच्या नावे करत होते. नोटरी साहेबांनी थांबवले.

"प्यॉन बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. खुर्ची हाही लाभच झाला."

"त्या खुर्चीला लाभ म्हणताय," दू-हो म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिच्यावर कधी बसलेले नाही."

सबब दोन्ही खुर्च्या दुकानाच्याच राहतील. त्या जागच्या हलवू नयेत. त्यांवर कोण बसते याबद्दल हे मृत्युपत्र गप्प आहे.

कलम ९. माझे मत. ते विचारून गिऱ्हाइके थकली. सांग-ग्यू म्हणायचा, "तुझं मत कळलं की अर्धं दुकान रिकामं होईल." खरे कारण साधे आहे. स्पीकरांची तोंडे टेबलांकडे आहेत. गल्ल्यामागे कॉफीचे पाणी खदखदत असते, फ्रिज गुरगुरत असतो. इतकी वर्षे ही रेकॉर्ड मी पाठीमागूनच ऐकली. आधी रेडिओचे तसे, मग हिचे असे.

आता तीन वाजत आले आहेत. हे-रिम गल्ल्यावर उभी राहील. मी त्या दोन खुर्च्यांच्या मधे स्टूल टाकून बसते आहे. फ्रिज बंद करावा. दू-होने टोपी घातली आहे. मृत्युपत्र थांबवण्यात येत आहे.

कलम १०. रेकॉर्ड संपली. मृत्युपत्र पुढे चालू.

दू-होने टोपी काढली. की-सॉक चष्मा पुसत राहिला. 

"सांगून टाका ताई," की-सॉक म्हणाला. "मला वाईट वाटणार नाही."

"मला वाटेल," दू-हो म्हणाला. "पण सांगा."

माझे मत पुढीलप्रमाणे. पहिली बाजू जरा लांबली आहे. झाकणाचा आवाज चांगला लागला आहे. शेवटचा माणूस हसतो ते मला आवडले. एकूणात रेकॉर्ड बरी आहे.

"बरी म्हणजे?" दू-होने विचारले.

"बरी म्हणजे बरी."

"ताई, ही ऐकून मी माझं लग्न वर्षभर पुढे ढकललं होतं," की-सॉक म्हणाला. "बरी?"

"आणि माझ्या चार टोप्या झिजल्या. बरी भाजी असते ताई. ही रेकॉर्ड भयंकर आहे."

"किंवा महान आहे."

"किंवा महान असेल, समजा. पण बरी?"

"बरी तर नाहीच नाही."

"फ्रिज नीट बंद झाला नसेल," दू-हो की-सॉकला म्हणाला. "शिवाय स्टुलावर डावा स्पीकर कमी येतो."

"पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी यांना तुझ्या खुर्चीत बसवू."

"महिन्याचा शेवट कशाला, उद्याच बसवू. तुम्ही सकाळी मला घ्यायला या, बरोबरच येऊ."

नोटरी साहेबांनी विचारले, कलमात काय ठेवायचे. मी सांगितले, आहे तेच. बरी आहे. खुर्ची बदलून माझे मत बदलेल असे वाटत नाही, पण प्रयत्न करायला माझी हरकत नाही. नोटरी साहेब स्वतःचे मत सांगू पाहत होते. त्यांना थांबवले.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे मला वाचून दाखवले, ते माझ्याच शब्दांत आहे. खाली शिक्का उठवून सही करते.

मासान, शनिवार, २८ सप्टेंबर २०२४.

प्यॉन मालसुन (शिक्का)

नोटरी: यो छांग-मिन (शिक्का)

साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना मी अनेक वर्षे ओळखतो. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, कलम दहा सोडून.
प्यो की-सॉक (शिक्का)

साक्षीदार दुसरा: की-सॉक दादांशी सहमत.
मेंग दू-हो (शिक्का)