मोहरीच्या डब्यातलं पाकीट

दामिनी,

मी अंजनगावले माह्या बहिणीकडे चालली. तिले बरं नाई, असं मंगेशले सांगितलं आहे. ती ठणठणीत आहे.

काल डॉक्टरीणबाईनं तुले विचारलं, "मूल न होण्याच्या गोळ्या घेता काय?" तू माह्याकडे पायलं अन् "नाई" म्हणून मोकळी झाली. खोटं बोलली तू. मोहरीच्या डब्यात तळाशी गोळ्यांचं पाकीट आहे, हे मले दिवाळीपासून मालूम आहे. नातवासाठी माह्या सांगण्यावरून सोमवार धरते, अन् उपास सोडला का गोळी खाते! मी गप्प राहून तुह्यावर नजर ठेवून होती. एक ना एक दिवस सापडशील म्हणून.

पण बाई काल काय म्हणाल्या, आयकलं नं? लिव्हरमधली गाठ साधी आहे, कॅन्सर नाई. पण मोठी आहे, अन् अशी गाठ पुढं बिघडू शकते. गोळ्याईनं झाली असन, तर त्या बंद केल्यावर लहानही होऊ शकते. त्याईले खरं मालूमच नसन, तर त्या इलाज कायचा करतीन?

आज परत जाय. पाकीट सोबत नेजो. वरण कुकरमध्ये आहे, जेवून जाजो. मूल काहून नको, ते मी विचारत नाई. मंगेशले हे मालूम आहे का, तेही मले सांगू नको.

काल सासू बाजूच्या खुर्चीवर नसती, तर तू खरं बोलली असती. म्हणून आज मी गावातच नाई.

आई