ॲप्रनचे लंगोट

आई, माझ्या ॲप्रनच्या बाहीवर आणि खिशाच्या कडेला पू करणारे जंतू निघाले. आज सकाळी आमच्या लॅबच्या मॅडमनी जंतू वाढवायची प्लेट उजेडात धरून मला ते पिवळसर ठिपके दाखवले. सगळ्यांच्याच ॲप्रनचे स्वॅब घेतले होते, आणखी काहींचेही असेच निघाले, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. "गरम पाण्यात धुवत जा," एवढंच मॅडम म्हणाल्या. मी मात्र स्टुलावर बसूनच राहिले. ह्याच्यासोबत मी आलटूनपालटून घालायचे तो दुसरा, जुना ॲप्रन गेल्या महिन्यात आम्ही घरी फाडला होता. लेक बाळंतपणाला आलीय, मुलगी झाली ना, तिच्या लंगोटांसाठी.

तान्ह्याला नवं कापड लावत नाहीत, हे तुला काय सांगायचं. सासूबाईंनी कपाट उपसलं आणि तो ॲप्रन गालाला लावून बघितला. "ह्याच्यावानी मऊ काय न्हाई बघ. आन् दवाखान्याचं कापड हाय, पोरगी डाक्टरच व्हईल."

"आजी, आधी तिला शी-शू तर नीट करू दे," लेक म्हणाली. आम्ही तिघी हसलो. कात्री मीच दिली. मशीनच्या गार पाण्यातून निघालेला तो ॲप्रन पांढराशुभ्र दिसत होता. बारसं झालं आणि बाळाच्या जांघेत पुवाचे फोड उठले.

माझ्या लहानपणचं अजून डोळ्यांसमोर दिसतं: तू शिरूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्सची ड्यूटी करून येतेस. मी धावत अंगणात येते. "लांब हो! अंगावर दवाखाना हाय माझ्या," असं ओरडून तू थेट न्हाणीत शिरतेस. मग तुझी पांढरी साडी चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, सोडा टाकून रटरटत राहते. मला वाटायचं, तुला माझ्यापेक्षा ती साडीच जास्त लाडकी. एकदा रुसून मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, तरी तू आधी अंघोळ केलीस आणि मगच मला जवळ घेतलंस. इथे दौंडला आम्ही ॲप्रन घालूनच टपरीवर चहाला जातो, तसंच स्कूटीवरून घरी येतो. लोक मान देतात, बरं वाटतं.

बाळाचा पू काल आमच्याच लॅबमध्ये तपासायला आला. ॲप्रनवरचे आणि फोडातले जंतू सारखेच आहेत का, ते कोणत्या औषधाला दाद देतात, हे उद्या दुपारी कळेल. ती प्लेट तुम्हीच बघा, असं मी मॅडमना सांगून आलेय. आल्या आल्या सगळे लंगोट उकळायला टाकले. "आज काय मधेच?" लेकीनं विचारलं. डाग निघत नाहीत, मी म्हणाले.

तू आता नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते. फोड बसतायत, बाळ दूध पितंय, काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणालेत. तरी भीती जात नाही, आणि खरं सांगायचं तर ती बाळासाठी नाही. जंतू सारखेच निघाले तर लेकीला सांगावं लागेल. त्यानंतर मी हात पुढे केले, तर ती बाळ माझ्याकडे देईल ना?