तीनदा ‘नको’

३ मेहर
पोचले एकदाची तफ्त गावाला! यज्दहून इथवर गाडी हाकताना माहरुखनं, माझ्या भाचीनं, वाटभर डोकं खाल्लं. म्हणे, मावशी, डॉक्टर गुडघ्याखालून कापा म्हणतात तर ऐक ना. मी म्हटलं, तुझा काप! तीस वर्षं याच पायांवर उभं राहून पोरींना शिकवलंय. मधुमेहानं टाचेला अक्रोडाएवढी जखम केली म्हणून अख्खा पाय देऊन टाकू? हट्!

सिराज हकीम जुन्या पद्धतीनं अशा जखमा भरतात, म्हणून त्यांच्याच घरी मुक्काम. मेहर महिना लागलाय, अंगणात डाळिंबं लगडलीत. हकीम सत्तरीचे, जिभेवर साखर. स्वतः मात्र डावा पाय ओढत काठीनं चालतात. स्वयंपाकीण गुलअंदाम मुकी आहे. तिनं माझा रेशमी रुमाल हौसेनं चाचपला. मी म्हटलं, तुझाच आहे, घे. तिनं मान हलवून तीनदा नको म्हटलं, मी तीनदा आग्रह केला, आणि रुमाल माझ्याच डोक्यावर राहिला. देऊ केलेलं तीनदा नाकारायचं ही आम्हा इराण्यांची रीतच; चांगल्या वळणाची बाई आहे.

७ मेहर
रोज सकाळी जखम धुऊन मध, हिराबोळ, ऑलिव्हचं तेल. कडेनं जळवा. दोन वर्षं त्या पायाला काही कळतच नाही, तेव्हा मी आपली खुशाल चहा पीत बसते. औषध कुटताना हकीम गातात, आणि गळा चक्क बाईचा! मी विचारलं, हा कुठून पैदा केलात? म्हणाले, एका भल्या बाईनं दिला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. गुलअंदाम हसली नाही.

पट्टी बांधता बांधता म्हणाले, काय देखणा पाय आहे हो तुमचा. मी सवयीनं बोलून गेले, तुमचाच आहे, घ्या. आता नको-नको म्हणायची पाळी त्यांची ना? तर म्हणाले, फार उपकार झाले. एकदासुद्धा नको नाही! गुलअंदामच्या हातून तबक पडलं.

१२ मेहर
जखम भरली! वर गुलाबी कातडी आलीय. डॉक्टरच्या नाकावर टिच्चून चालत जाणार आहे मी. पाय बर्फासारखा गार आहे तेवढा.

हकीम आज काठीशिवाय अंगणात फिरले. डावी टाच जरा बाहेर फेकत. तशी मी चालते.

१४ मेहर
आज दुपारी टाचेत टाचणी टोचून पाहिली. मला काहीच कळलं नाही. अंगणात हकीम किंचाळले.

योगायोग असेल म्हणून पुन्हा टोचली. पुन्हा किंचाळले. तिसऱ्यांदा मुद्दाम खोल खुपसली. भोग मेल्या!

नंतर तोंडावर सांगितलं, माझा पाय परत करा. हसून म्हणाले, बाई, दिलेलं कोणी परत मागतं का? गुलअंदामनं आपल्या गळ्यावर हात ठेवला, मग त्यांच्याकडे बोट दाखवलं. कळलं मला.

माहरुखला फोन केला. उद्या दहाला ये. सरळ इस्पितळात चल. कापा म्हणणार आहे मी. माझा पाय आहे, ठेवायचा की टाकायचा ते मी ठरवीन. या थेरड्याला त्यावर मिरवू देणार नाही!

१५ मेहर, सकाळ
उठले तर पाय दाराकडे ओढत होता. रुमालानं पलंगाला बांधलाय. भीती वाटते. वाटू दे.

साडेनऊ. अंगठा गाठ सोडवतोय — माझाच अंगठा —

पुन्हा बांधला. घट्ट.

पावणेदहा. हकीम दारात. किती अदबीनं उभा आहे. मी लिहितेच आहे, मान वर करणार नाही. वहीकडे बघतोय. म्हणतो, काय सुरेख अक्षर. काय सुरेख हात आहे हो तुमचा.

साठ वर्षांची सवय. शब्द जिभेवर येऊन बसलेत. ओठ चावलाय. रक्त आलं. नाही म्हणणार. नाही!

पुन्हा म्हणाला. नाही.

खाली गाडीचा भोंगा — माहरुख आली — तिसऱ्यांदा म्हणतोय — माझा आहे, माझाच, मेल्या, हा हात माझा — म्हणतो, तीनदा नको झालं, रीत झाली — बोटं गार का —